मार्चमध्ये अडलेले टमाटर

रोपं लागली, काठीला बांधली, फळं धरली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. घोडं पेंड खातं ते रंगावर. होळी आली तरी गच्चीवरचे टमाटर हिरवेच. जे वळले तेही पिवळट-केशरी, देठाभोवती पिवळं कडं, कापलं तर आत पांढरा कडक गर.

"अजून ऊन लागू द्या" हा सल्ला मिळतो, आणि फळं जातात ती त्यानंच. टमाटर पिकायला ऊन लागतच नाही, ऊब लागते, तीही २० ते २५ अंशांची. लाल रंग देणारं लायकोपीन ३० अंशांच्या वर नीट तयार होत नाही, पिवळी द्रव्यं मात्र बनत राहतात. नागपूरचा मार्च संपता संपता पारा ३५च्या पुढे असतो, आणि उन्हातलं फळ हवेपेक्षाही तापतं. फळ उघडं पडावं म्हणून पानं खुडली तर आणखी वाट लागते. दुपारच्या उन्हाच्या बाजूला पांढरा, कागदासारखा डाग पडतो. पानं राहू द्या, वर निम्मं ऊन अडवणारी, ५० टक्क्यांची हिरवी नेट बांधा.

बुडाशी गुलाबी झाक दिसली की फळ तोडायचं. पुढचं काम ते झाडाविना करतं. झाक नसेल तर त्याच आकाराचं एक कापून बघा: सुरीखाली बी कापलं गेलं तर फळ कच्चं, बुळबुळीत गरात बी निसटलं तर तयार.

पुठ्ठ्याच्या खोक्यात कागद, त्यावर एकच थर, देठ खाली, सोबत एक पिकलेलं केळं. केळ्यातून निघणारा इथिलीन वायू पिकणं सुरू करून देतो. खोकं घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा, पण कूलरच्या झोतात नको, ओलीनं बुरशी धरते. फ्रिज तर नकोच, १२ अंशांखाली रंग थांबतो आणि चवही जाते. रोज उघडून मऊ पडलेलं फळ वेगळं काढा. झाक आलेलं साधारण आठवड्यात लाल होतं. कार्बाइडच्या पुडीनं फळं पिकवण्यावर कायद्यानं बंदी आहे, तिचं नावही काढू नका.

हो, युरिया फळं धरल्यावर बंद करायचा होता, नाहीतर झाड पाल्यातच रमतं. देठाभोवतीचं पिवळं कडं पोटॅश खत कमी पडल्यानंही येतं, आणि ते खोक्यात ठेवून जात नाही.

बी कापलं जाणारे टमाटर पिकायची वाट बघू नका. लसूण, हिरवी मिरची, भाजलेला जवस घालून चटणी वाटा.