वाहाकातली ओफ्रेंडा मांडताना

मेक्सिकोत वाहाकाला असताना ओळखीच्या घरी ओफ्रेंडा मांडायला मी हाताशी होते. ओफ्रेंडा म्हणजे गेलेल्या माणसांसाठी केलेली मांडणी. १ नोव्हेंबरला लेकरं येतात, २ तारखेला मोठी माणसं, अशी तिथली श्रद्धा. येणारे वासाच्या मागाने येतात आणि जाताना वासच घेऊन जातात. सगळी घाई-गडबड याच एका गोष्टीपायी: लवकर मांडलं की वास उडालेला असतो.

मांडणीचा सांगाडा मात्र ३० ऑक्टोबरलाच उभा करावा. भिंतीला टेबल लावायचं, वर खोकी रचून गौरीच्या आराशीसारख्या दोन-तीन पायऱ्या करायच्या आणि पांढरं कापड घालायचं. पुढच्या दोन पायांना पाल्यासकट ऊस बांधून शेंडे वर जुळवले की कमान होते. ऊस बारीक आणि ताजा निवडावा. जाडा वाकत नाही, वाळलेला वाकवताना मोडतो. प्रत्येक ऊस पायाला खाली आणि वर असा दोनदा आवळायचा. एकाच जागी बांधला, तर फुलं-फळं चढवल्यावर कमान पुढे झुकते.

फुलं झेंडूचीच. झेंडू मुळात तिकडचा. आपल्या दसऱ्याच्या तोरणात तो मेक्सिकोतून आला. तिथे त्याला सेंपासूचिल म्हणतात, नाहुआत्ल भाषेतल्या ‘वीस’ आणि ‘फूल’ या शब्दांवरून. लांब दांड्यांच्या जुड्या मिळतात. पाण्यात बुडणारी पानं आधी ओरबाडून काढावीत, नाहीतर दुसऱ्याच दिवशी पाणी कुजतं आणि झेंडूच्या वासावर तो वास चढतो. सोबत गर्द लाल कोंबड्याची फुलं. दारापासून ओफ्रेंडापर्यंत पाकळ्यांची वाट ३१ तारखेला अगदी शेवटी घालायची. फरशी कोरडी हवी. ओलीवर पाकळ्या काळ्या पडतात, पायही घसरतो.

फोटो फक्त गेलेल्यांचे. जिवंत माणूस सोबत असलेला फोटो ठेवत नाहीत. प्रवासाने तहानलेल्यांसाठी पाण्याचा पेला आणि एका बशीत मीठ. मेणबत्त्या काचेतल्या घ्याव्यात आणि वर टांगलेल्या पापेल पिकादोपासून, म्हणजे कातरलेल्या पातळ कागदी पताकांपासून, हातभर लांब ठेवाव्यात.

कोपाल ही झाडाची राळ. इथे बहुतेक नवख्यांचं चुकतं. मातीच्या धुपाटण्यात कोळसे पेटले की लगेच राळ टाकतात. ती भपकन पेट घेते आणि काळा धूर होतो. कोळशावर करडी राख चढेपर्यंत थांबावं. मग हरभऱ्याएवढा एकच खडा टाकायचा. तो विरघळून पांढरा, लिंबासारख्या वासाचा धूर संपला की पुढचा. मूठभर टाकली तर राळ वितळून कोळशावर पसरते आणि कोळसा गुदमरतो.

पान दे येमा हा अंड्याच्या बलकाचा पाव. सणाच्या पावावर एक छोटा रंगीत चेहरा खोचलेला असतो. हा पाव ३१ लाच आणावा. चॉकलेट पाण्यात उकळून मोलिनियोने घुसळतात. मोलिनियो म्हणजे आपल्या रवीची सख्खी बहीण, हातात धरायची पद्धतही तीच. फेस आला की पेला मांडायचा. काळ्या मोलेसाठी, म्हणजे मिरच्यांच्या दाट रश्श्यासाठी, मिरच्या जवळजवळ जळेपर्यंत भाजतात. ठसक्याने घरात उभं राहवत नाही, म्हणून हे काम अंगणात.

३१ च्या रात्री वाहाकाजवळच्या होहोकोत्लान गावाच्या दफनभूमीत जायचं असेल तर फुलं आणि मेणबत्ती घेऊन जावं, थडग्यांवर पाय पडू देऊ नये. कुटुंबं आपापल्या माणसांपाशी बसलेली असतात. विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नये. मला वाटतं, काढूच नये.

आपण पितृपक्षात खरेदी टाळतो. तिथे याच दिवसांत बाजार सर्वांत भरलेला असतो.

दोन तारीख उलटली की ओफ्रेंडा उचलतात, अन्न शेजारीपाजारी वाटतात. त्याची चव गेलेली असते असं म्हणतात, पाहुण्यांनी ती नेलेली. कडक झालेला पाव चॉकलेटमध्ये बुडवून खातात. उतरवताना आधी कमानीवरची फळं काढावीत आणि ऊस सर्वांत शेवटी सोडावा.