गट क्रमांक, संमतीपत्र आणि संशोधनाचा डेटा

द्राक्षबागांतील केवडा, भुरी या रोगांच्या आणि फवारण्यांच्या नोंदी गोळा करणाऱ्या नाशिकमधील संशोधक विद्यार्थ्यांशी डेटाच्या व्यवस्थापनाविषयी बोलू लागले की चर्चा लगेच हार्ड डिस्क आणि गूगल ड्राइव्हकडे वळते. साठवणुकीचा प्रश्न मात्र तुलनेने सोपा आहे: तीन प्रती ठेवाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी असावी. माझ्या मते डेटा-व्यवस्थापनाच्या आराखड्यातील खरा अवघड भाग म्हणजे हा डेटा पुढे कोणाला आणि किती तपशिलासह द्यायचा, हे ठरवणे. हा निर्णय पहिल्या बागेत पाऊल टाकण्यापूर्वीच व्हावा लागतो, कारण शेतकऱ्याने सही केलेल्या संमतीपत्रात ‘केवळ या प्रबंधासाठी’ असे लिहिलेले असेल, तर काही वर्षांनी शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाने मूळ नोंदी मागितल्यावर त्या देता येत नाहीत आणि निफाड-दिंडोरीतील गावोगाव पुन्हा हिंडून नव्याने सह्या घेणेही शक्य होत नाही.

नाव काढून टाकले म्हणजे ओळख पुसली गेली, हा समज तर फारच पसरलेला आहे. गाव आणि गट क्रमांक तक्त्यात राहिले, तर महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा उघडून खातेदाराचे नाव कोणालाही पाहता येते. अक्षांश-रेखांशांचेही तेच, आणि मोबाइलवर काढलेल्या फोटोंच्या फाइलींत ते न सांगताही नोंदले गेलेले असू शकतात. एखाद्या गावात विशिष्ट वाणाची एकच मोठी बाग असेल, तर वाण आणि क्षेत्र एवढ्यावरूनच गावकरी मालक ओळखतात. फवारणीच्या नोंदी उघड होण्याची शेतकऱ्याला वाटणारी धास्ती अनाठायी नाही. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अवशेषांमुळे युरोपात भारतीय द्राक्षे नाकारली गेली, तो फटका इथले बागायतदार विसरलेले नाहीत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनासाठी अटींसह सूट आहे; पण कायद्याने सूट दिली म्हणून बांधावर दिलेला शब्द सुटत नाही.

म्हणून डेटाचे दोन संच सुरुवातीपासूनच वेगळे ठेवणे मला योग्य वाटते. एका संचात नाव, गट क्रमांक आणि बागेचा सांकेतिक क्रमांक असावा आणि तो कुलूपबंद राहावा. दुसऱ्यात सांकेतिक क्रमांक, तालुका, नेमक्या क्षेत्राऐवजी त्याचा ढोबळ टप्पा आणि रोगाच्या नोंदी असाव्यात. संमतीपत्रात या दोन्हींचा उल्लेख साध्या मराठीत असावा आणि दुसरा संच इतर संशोधकांना देण्यासाठी होकार-नकाराची स्वतंत्र चौकट असावी. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘फेअर’ तत्त्वे डेटा सापडण्याजोगा, मिळण्याजोगा, इतर डेटाशी जुळणारा आणि पुन्हा वापरता येण्याजोगा असावा असे सांगतात. सगळे जगजाहीर करा, असे ती सांगत नाहीत. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या झेनोडो या ऑनलाइन डेटा-भांडारावर डीओआय, म्हणजे डेटाचा कायमस्वरूपी ओळख क्रमांक, घेऊन वर्णन खुले आणि फाइली मर्यादित ठेवण्याची सोय आहे.

पुन्हा वापरता येणे मात्र रकान्यांच्या वर्णनावर अवलंबून असते, आणि नेमके तेच लिहायचा कंटाळा केला जातो. ‘दिवस’ म्हणजे गोडीबार (फळांसाठीच्या) छाटणीनंतरचे दिवस की लागवडीनंतरचे, क्षेत्र एकरात की हेक्टरात, औषधाची मात्रा लिटरमागे की एकरामागे, आणि लिहिलेले नाव दुकानातले की मूळ घटकाचे, हे सोबतच्या फाइलीत नसेल तर परक्या वाचकाला तो तक्ता निरुपयोगी आहे. एक्सेलवर फार विसंबू नये, हेही जाता जाता सांगतो. ते काही जनुकांची नावे तारखांत बदलून टाकत असे, म्हणून 2020 मध्ये त्या जनुकांचीच नावे बदलावी लागली. अंतिम प्रत सीएसव्हीमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकूर-फाइलीत, ठेवावी. विद्यार्थी पदवी घेऊन गेल्यावर कुलूपबंद संचाची किल्ली कोणाकडे राहील आणि तो संच कधी नष्ट होईल, हे मार्गदर्शकाच्या पदनामासह आराखड्यात लिहावे. व्यक्तीचे नाव लिहिले, तर बदली किंवा निवृत्तीनंतर त्या ओळीला अर्थ उरत नाही.