तेरड्याची मुळं

गेल्या शनिवारी व्हार्फ नदीच्या काठावर, लीड्सहून अर्ध्या तासावर, ओल्या गवतात उभी होते आणि हातात मुळासकट उपटलेला तेरडा होता. तसाच लालसर पाणीदार दांडा, पेरांशी फुगलेला, वाकवला की कट्‌कन मोडणारा. आपला गुडघ्याएवढा, हा माझ्या डोक्याच्याही वर. इथे याला हिमालयन बाल्सम म्हणतात. आपल्या तेरड्याचा सख्खा नाही, पण चुलतभाऊ नक्की.

आमच्या गुहागरच्या घरी गौर तेरड्याची. आजी रोप उपटायची ती एकही मूळ न तुटता, कारण मुळं म्हणजे गौरीची पावलं. इथे हे तण उपटायला जमलेल्या आमच्या गटाच्या प्रमुख बाईंनी पहिलंच वाक्य तेच सांगितलं: मूळ तुटता कामा नये. कारण वेगळं. खालचं पेर जमिनीत राहिलं तर झाड पुन्हा फुटतं. मग उपटलेल्यांचा ढीग घालायचा आणि दांडे पायाने चिरडायचे. बाकीचे चिरडत होते. माझा पाय उचलला जाईना. मी शेवटपर्यंत फक्त उपटत राहिले, आणि कोणी का म्हणून विचारलं नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

हे झाड १८३९ मध्ये हिमालयातून इथे आणलं ते बागेतल्या शोभेसाठी. बागेतून ते नदीवर गेलं आणि नदीने ते सगळ्या देशभर नेलं. एका झाडाला आठशेपर्यंत बिया, शेंग तडकली की बी सात मीटरपर्यंत उडतं. त्याच्या सावलीत दुसरं काही उगवत नाही आणि थंडीत ते स्वतः मरून जातं. मग उघडा पडलेला काठ ढासळून मातीसकट नदीत जातो. म्हणून शेंगा धरायच्या आत, जूनजुलैत, हे उपटायचं. त्याला रोखायला २०१४ मध्ये त्याच्या माहेरचाच एक तांबेरा, म्हणजे झाडावर रोग पाडणारी बुरशी, इथे आणून सोडला गेला. शेतकी शिकलेल्या माणसाला याचं अप्रूप वाटणारच.

पण मला सगळ्यात जास्त धक्का दिला तो बुटांनी. काम संपल्यावर बाईंनी गाडीतून पाण्याचा कॅन आणि ताठ केसांचा ब्रश काढला. सत्तरी ओलांडलेली बाई, निवृत्त शिक्षिका, ओणवी होऊन एकेकाच्या बुटाच्या तळव्यातल्या खाचा बघत होती. चिखल राहिला तर परत घासा. एकजण म्हणाला, मी थेट घरीच जाणार आहे. तरी घासा. दुसऱ्या नदीवर पुढच्या आठवड्यात हेच बूट घालून जाल. वीस मिनिटं गेली. कोणी कुरकुरलं नाही. गाडीशी उभं राहून मला आमचा एनएसएसचा गाजर गवत सप्ताह आठवला. फुलावर आलेलं गवत आम्ही उपटलं आणि ट्रॉलीत भरून रस्ताभर सांडत नेलं. फोटो काढले. पुढच्या पावसात रस्त्याच्या दोन्ही कडांना गाजर गवत. उत्साह आमच्यातही कमी नव्हता. ब्रश घेऊन शेवटी थांबणारं माणूस नव्हतं.

आमच्या शेतकी कॉलेजच्या २००६च्या बॅचचे आम्ही चौघं इंग्लंडमध्ये आहोत. पूर्वी वर्षातून एकदा हॉटेलात जेवायचो आणि घरांच्या किमती बोलायचो. आता तीन वर्षं अशा कामाच्या दिवशी भेटतो. झाड उपटताना माणूस जास्त खरं बोलतो, हा माझा अनुभव आहे. मँचेस्टरच्या मैत्रिणीने तिच्या बाबांच्या आजारपणाचं यंदा याच काठावर पहिल्यांदा सांगितलं, तेही माझ्याकडे पाठ करून.

आमचा फोटो बॅचच्या ग्रुपवर टाकला. चिपळूणच्या मित्राचं उत्तर आलं: "गोऱ्यांची नदी साफ करतेस, इथे माझा डोंगर रानमोडीने खाल्लाय."

रानमोडी म्हणजे बाहेरून येऊन डोंगर व्यापणारं तण. त्याचं बोलणं रात्रभर लागून राहिलं. मी लिहिलं की घाणेरी इंग्रजांनीच शोभेसाठी कलकत्त्याच्या बागेत आणली, तीच पुढे आपल्या रानांत पसरली. तेरडाही त्यांनीच इथे आणला. मग उपटायला मी का नको? शिवाय ज्या नदीचं पाणी माझी मुलं पितात, ती मला परकी कशी? हे मी पाठवलं आणि पाठवल्यावर पटलं नाही. जुलैत तो गुडघाभर चिखलात लावणी करत असतो. त्याला शनिवार नसतो. माझ्याकडे शनिवार आहे, पगार आहे आणि वॉटरप्रूफ बूट आहेत. तरीही मला वाटतं की मी इथे जे करते ते खोटं नाही. नदीला कोणाची ते कळत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने एवढंच विचारलं, "मूळ सहज निघतं का गं? रानमोडीचं निघत नाही, कुदळ लागते." मग आम्ही पाऊण तास मुळांवर बोललो. किती वर्षांनी एवढं बोललो असू.

रविवारी आईला सांगितलं. ती आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, "यंदा गौर म्हणून त्यातलंच एक आण की."

"आई, नदीवरून घरी नेता येत नाही. तोवर शेंगा धरतात, गाडीत बी सांडेल."

"मग जोशीकाकूंसारखे खडे आण. नदीचेच असतात ना ते? पाच आण, नाहीतर सात."

मँचेस्टरवालीला कळवलं. ती म्हणाली, आवाहनाच्या दिवशी रजा टाकते, खडे आणायला दोघी जाऊ, आणि बूट घासायचा ब्रश मी आणते.