सुवर्णमहोत्सव आणि दर दोन तासांची कूस

मंगळवार

रविवारी वृद्धाश्रमाचा सुवर्णमहोत्सव. कार्यक्रमपत्रिका छापून आली आहे. साडेनऊला स्वागत, दहाला बिशपांचा मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), मग सत्कार, भाषणं, शाळेच्या मुलांचे नाच आणि दीड वाजता जेवण. पत्रिका देखणी आहे, पण बसवली आहे ती पाहुण्यांच्या सोयीने. इथे जेवणाची ताटं साडेअकराला लागतात. हा जो दोन तासांचा फरक पडतो, सगळे घोळ त्यातच होतात. वृद्धाश्रमाला वर्षातला सगळ्यात जोखमीचा दिवस कोणता, तर ज्या दिवशी हारतुरे येतात तो.

पहिली काळजी इन्शुलिनची. दुपारच्या जेवणाआधी इंजेक्शन घेणाऱ्यांना रोजच्या सवयीने अकराला टोचून मोकळं व्हायचं आणि प्रमुख पाहुण्यांची गाडी हायवेला अडकायची, हा प्रकार ठरलेला. साखर 70च्या खाली गेली की घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणं सुरू होतं. पण रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर थरथर आणि धडधड झाकली जाते, उरतो तो फक्त घाम. एप्रिल-मेच्या मांडवात घाम कुणाला येत नाही? आणि डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या आजी डोळे मिटून बसल्या की पाहणाऱ्याला वाटतं, भाषणाला कंटाळल्या. म्हणून नियम साधा ठेवायचा : ताट समोर आल्याशिवाय सुई नाही. शंका आली तर आधी बोट टोचून साखर बघायची. कमी निघाली आणि माणूस शुद्धीवर असून नीट गिळत असेल, तर अर्धा पेला पाण्यात तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, मग थोडा भात किंवा बिस्किटं. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही ओतायचं नाही. तिथे शिरेतून ग्लुकोज लागतं, म्हणजे सलाइन लावणारी सिस्टर त्या वेळी स्टेजवर समई पेटवत असून चालणार नाही.

दुसरी काळजी पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) गोळीची. लेव्होडोपा अर्धा तास उशिरा झाली तरी पाय जमिनीला खिळतात. शिवाय मटण, अंडी, डाळ यांतल्या प्रथिनांबरोबर घेतली तर ती नीट लागू पडत नाही. जेवणाआधी निदान अर्धा तास द्यायची. मिस्सा चालू असला तरी गोळीची वेळ झाली की रांगेत वाकून गुपचूप द्यावी. फादरांची हरकत नसते, आपणच उगाच अवघडतो. उपासाचाही प्रश्न नाही. कम्युनियन म्हणजे मिस्सात पवित्र भाकर घेणं, त्याआधी तासभर काही खायचं नाही हा नियम औषध आणि पाण्याला मुळातच लागू नाही. वृद्ध, आजारी आणि त्यांची सेवा करणारे यांना तर कॅथलिक चर्चच्या कायदेसंहितेच्या (कॅनन लॉ) 919व्या कलमाने त्यातून सूटच आहे. हे दर वेळी नव्याने सांगावं लागतं, कारण जुन्या पिढीच्या डोक्यात मध्यरात्रीपासूनचा कडक उपास पक्का बसला आहे.

बुधवार

आज बसण्याची व्यवस्था. चॅपेलमध्ये पुढच्या दोन रांगा काढून व्हीलचेअर लावायच्या. फोटोसाठी सगळ्यांना साडेनऊलाच आणून बसवावं अशी सूचना आली आहे. ती मानायची नाही.

हिशेब करून बघा. साडेनऊ ते दीड म्हणजे चार तास एकाच बैठकीत. स्वतः हलू न शकणाऱ्या माणसाला खुर्चीत एका वेळी तासभर, फार तर दोन तास ठेवायचं. त्यातही दर अर्ध्या तासाला पुढे झुकवून किंवा कडेला कलवून ढुंगणावरचा भार हलवायचा. हाडकुळ्या माणसाचं सगळं वजन बैठकीच्या दोन हाडांवर आणि माकडहाडावर येतं, तिथला रक्तपुरवठा दबतो आणि संध्याकाळी डायपर बदलताना लाल डाग दिसतो. बोटाने दाबून पांढरा होतो का ते बघायचं. होत नसेल तर बेडसोरची, म्हणजे सततच्या दाबाने होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली. सावळ्या कातडीवर मात्र ही लाली दिसतच नाही. तिथे हाताच्या मागच्या बाजूने चाचपून बघायचं : आजूबाजूपेक्षा गरम लागतं का, टणक लागतं का, जांभळट झाक आहे का. नव्या मुलींना पुस्तकातलं गोऱ्या कातडीचं चित्र पाठ असतं, म्हणून हे आवर्जून दाखवावं लागतं.

मधे भोक असलेली रबरी चकती लोक अजूनही प्रेमाने आणून देतात. ती वापरू नये. कडेच्या रिंगणावर दाब पडून मधल्या भागाचा रक्तपुरवठा उलट तुटतो. चांगल्या फोमची सपाट उशी बरी.

अंथरुणाला खिळलेल्यांचं गणित वेगळं. दर दोन तासांनी कूस, तीही पूर्ण नव्वद अंशांत नाही, कारण तसं केलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून तीस अंश कलवायचं, पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवायच्या. डोक्याकडची बाजू तीसच्या वर नेली की माणूस हळूहळू खाली घसरतो. कातडी चादरीला चिकटून राहते, आतलं मांस सरकतं आणि जखम आतून तयार होते. पण भरवताना मात्र ताठ बसवावंच लागतं, आणि नंतरही अर्धा तास तसंच ठेवावं लागतं, नाहीतर अन्न छातीत जातं. म्हणजे फुप्फुस सांभाळायचं की पाठ, ही ओढाताण दिवसातून तीनदा. घड्याळाकडे लक्ष ठेवणारी एक मावशी याच कामाला हवी. रविवारी तिला फुलं द्यायला उभं करू नये.

गुरुवार

स्मरणिकेचा मजकूर वाचायला आला. देणगीदारांची नावं जाड ठशात आहेत, बांधकाम समितीचा ग्रुप फोटो आहे.

या निमित्ताने झान ज्युगां आठवते. फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातली ही कोळ्याची मुलगी, जन्म 1792चा, कांकाल गावचा. वडील समुद्रात गेले ते परत आले नाहीत. पुढे हिने मोलकरणीची कामं केली, दवाखान्यात राबली. 1839च्या थंडीत सेंट-सेर्व्हां गावात अ‍ॅन शोव्हां नावाच्या आंधळ्या, लुळ्या पडलेल्या म्हातारीला तिने जिना चढवून आपल्या खोलीत आणलं, स्वतःचं अंथरूण तिला दिलं आणि आपण माळ्यावर झोपायला गेली. लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर या संस्थेची सुरुवात ती. 1845मध्ये फ्रेंच अकादमीने तिला तीन हजार फ्रँकचं माँतियाँ पारितोषिक दिलं. पण संस्थेचा कारभार हाती घेतलेल्या ल पायर नावाच्या धर्मगुरूने तिला बाजूला सारलं आणि स्वतःला संस्थापक म्हणवून घेतलं. आयुष्याची शेवटची सत्तावीस वर्षं ती एका मठात साधी सिस्टर म्हणून राहिली. शेजारी वावरणाऱ्या नवशिक्या मुलींना ही कोण याचा पत्ता नव्हता. 1879 साली ती गेली तेव्हा संस्थेत सुमारे चोवीसशे सिस्टर्स होत्या. ल पायर यांना 1890मध्ये रोमला बोलावून घेतलं गेलं आणि खरा इतिहास पुढे आला. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तिला संत घोषित केलं ते 11 ऑक्टोबर 2009ला.

तिच्या सिस्टर्स 1882मध्ये कलकत्त्याला आल्या. मुंबईत अंधेरीला, महाकाली गुंफांच्या रस्त्यावर त्यांचं घर आहे. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या नेहमीच्या तीन व्रतांबरोबर त्या चौथं व्रत घेतात ते आतिथ्याचं. आणि 1865मध्ये त्यांनी ठरवून टाकलं की कायमस्वरूपी व्याजाचं उत्पन्न घ्यायचं नाही, रोजचं रोज मागून आणायचं. झान स्वतः टोपली घेऊन दारोदार फिरायची. आजही या सिस्टर्स बाजारात भाजी, तांदूळ मागायला जातात. हिशेब ठेवणाऱ्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल. मलाही गंगाजळीशिवाय औषधांचं बिल कसं भागवावं हे कळत नाही. पण एक खरं : रोज दारात जावं लागलं की गावाला वृद्धाश्रम विसरता येत नाही.

स्मरणिकेत निदान स्वयंपाकघर, धोबीघाट आणि रात्रपाळीची नावं यावीत एवढं सुचवून ठेवलं आहे. बेडसोर न झालेल्या पाठींचा फोटो काही छापता येत नाही.

शुक्रवार

मिस्साची तालीम. गिळायला त्रास असलेल्यांची यादी फादरांच्या हातात आधीच हवी. ओस्तीचा (कम्युनियनच्या पातळ भाकरीचा) अख्खा तुकडा कोरड्या टाळूला चिकटतो, मग माणूस खोकतो आणि मदतीला धावणारा पाणी पाजतो. इथेच चूक होते. पातळ पाणी अशा माणसाच्या श्वासनलिकेत सगळ्यात पटकन शिरतं. ओस्तीचा नखाएवढा कण चमच्यात, थिकनर (दाटपणा आणणारी पावडर) घालून दाट केलेल्या पाण्यात द्यावा. हनुवटी छातीकडे झुकवायची, मान मागे टाकायची नाही. गिळलं का हे गळ्याचा कंठमणी वर-खाली झाला त्यावरून ठरवायचं. ज्यांना कणही जात नाही त्यांना नुसत्या द्राक्षरसाच्या थेंबावर कम्युनियन देण्याची मुभा आहे.

रुग्णाभ्यंगही होणार आहे. कपाळाला आणि हातांना तेल लावायचं. 1972पासून हा विधी फक्त मरणपंथाला लागलेल्यांचा राहिलेला नाही. वार्धक्याने खचलेल्या कुणालाही घेता येतो, प्रकृती आणखी ढासळली तर पुन्हाही. पण तेलाची बाटली घेऊन फादर जवळ आले की काही आजी अजूनही हात आखडून घेतात, 'माझं संपलं का?' विचारतात. म्हणून आज संध्याकाळच्या रोझरीनंतरच (जपमाळेच्या प्रार्थनेनंतर) सगळ्यांना समजावून सांगायचं.

जेवण : सोरपोतेल (डुकराच्या मटणाचं कालवण), चिकन, पुलाव, केक. मऊ जेवणवाल्यांसाठी तेच मटण मिक्सरमधून काढायचं. त्यांना वेगळी पेज देऊन बाजूला बसवणं बरं दिसत नाही. केकचा भुगा फार दगा देतो, तो दुधात भिजवून चमच्याने द्यावा. भरवून झाल्यावर गालाच्या खोबणीत घास साठला नाही ना, हे बोट घालून नाही, बॅटरी मारून बघायचं.

शनिवार

यंत्रसामग्री. व्हीलचेअरचे ब्रेक टायरवर दाबून बसतात, त्यामुळे हवा कमी असली की ब्रेक लावूनही खुर्ची सरकते. आज सगळ्या चाकांत हवा. पाय ठेवायच्या पट्ट्या जागेवर आहेत का, तेही. वॉकरचे रबरी बूट उलटे करून पाहायचे. तळाच्या रेघा झिजल्या असतील तर फरशीवर ते साबणासारखे घसरतात. बूट स्वस्त असतो आणि खुबा मोडला की ऑपरेशन.

एअरबेडचे (बेडसोर टाळणाऱ्या हवेच्या गाद्यांचे) पंप सजावटवाल्यांच्या तावडीतून वाचवायचे आहेत. दिव्यांच्या माळा आणि साउंड सिस्टिमसाठी पहिला हात जातो तो पलंगामागच्या प्लगकडे. पंप बंद झाला की गादी हळूहळू बसते आणि वरून काही कळत नाही. गादीखाली तळहात घालून बघायचं. माणसाचं हाड हाताला लागलं तर हवा नाही. प्लगवर लाल चिकटपट्टी लावली आहे.

स्पीकर डिमेन्शियाच्या वॉर्डाकडे तोंड करून नको. कानातली यंत्रं गर्दीत शिट्ट्या मारतात, आवाज कमी करून ठेवायचा. आणि लघवीला लागू नये म्हणून उद्या पुष्कळ जण सकाळपासून पाणीच पिणार नाहीत, विशेषतः पाणी काढणारी गोळी घेणाऱ्या बायका. त्याचं फळ दोन दिवसांनी : मूत्रमार्गाचा संसर्ग, अचानक भ्रम, बद्धकोष्ठ. मिस्साआधी आणि मिस्सा संपताच शौचालयाची फेरी लावायची, मग पाणी द्यायला भीती नाही.

शेवटी पत्रिका बदलून घेतली. रहिवासी पावणेदहाला खाली येतील, मिस्सा संपला की वर जातील, साडेअकराला आपापल्या टेबलावर सणाचंच जेवतील आणि ज्यांना हौस आहे ते चारला चहाबरोबर मुलांचे नाच बघतील. सत्कार त्यांच्याशिवाय होईल.

सोमवार

सकाळच्या पाळीत सगळ्यांच्या पाठी, टाचा, खुबे तपासून रजिस्टरात नोंद. दोन ठिकाणी लाली, दाबल्यावर पांढरी होणारी. तिथे चोळायचं नाही, फक्त भार काढायचा आणि संध्याकाळी पुन्हा बघायचं. रात्रीचे रक्तदाब सोरपोतेलच्या मिठाने थोडे चढे. उरलेलं सोरपोतेल वर पाठवू नये असं स्वयंपाकघराला कळवलं.

भेटींचा ढीग लावायचा आहे. डायपर आले आहेत ते सगळे एक्स्ट्रा लार्ज. आपल्याकडे बहुतेकांना मीडियम लागतो, मोठा घातला की मांडीकडून गळतो. बिस्किटांच्या तारखा बघायच्या. पुढच्या खेपेला देणाऱ्यांनी विचारलं तर सांगायची यादी फळ्यावर लिहून ठेवली : टेपवाले मीडियम डायपर, झिंक ऑक्साइडचं मलम, हातमोजे, मऊ जुनी धोतरं, मेणकापड, वॉकरचे बूट.