तीन तासांच्या आत

लंडन, ९ जुलै

आज दिवसभर एकच रकाना भरत होते: रक्तस्राव सुरू झालेल्या बाईला बाळंतपणानंतर किती वेळाने औषध मिळालं. जगभरच्या अभ्यासांतून ही माहिती वेचून एकत्र करायचं काम या इंटर्नशिपमध्ये माझ्याकडे आलंय. प्रत्येक शोधनिबंध दोघींनी वेगवेगळा वाचायचा, नोंदी करायच्या, मग त्या ताडून पाहायच्या. काम किचकट आहे, पण मी त्यात पार बुडून गेलेय.

प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने जगात दरवर्षी हजारो बायका जातात, बहुतेक गरीब देशांतल्या. औषध मात्र साधं आणि स्वस्त आहे: ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. रक्ताची धरलेली गुठळी ते विरघळू देत नाही. इथल्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनने २१ देशांतल्या २०,०६० बायकांवर त्याची चाचणी केली. २०१७ साली निकाल आला: तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळजवळ एक-तृतीयांशाने घटतात. पुढच्या विश्लेषणात दिसलं की उशिराच्या दर १५ मिनिटांमागे फायदा साधारण १० टक्क्यांनी कमी होतो. म्हणून तर तो रकाना.

हे औषध शोधलं जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी, १९६० च्या दशकात. मुलीला पाठीशी बांधून त्या प्रयोगशाळेत काम करायच्या. बाळंतिणींचा रक्तस्राव थांबवण्यासाठी ते वापरून बघावं अशी त्यांची तळमळ होती, पण तिथल्या प्रसूतितज्ज्ञांना त्या राजी करू शकल्या नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये, ९८ व्या वर्षी त्या गेल्या. चाचणीचा निकाल आला त्यानंतर वर्षभराने. हे वाचल्यापासून मनातला राग जात नाहीये. पन्नासहून अधिक वर्षं औषध होतं, आणि ते बाळंतिणींवर नीट तपासून पाहायला कुणाला सवड नव्हती!

चाचणी करणाऱ्या त्या स्कूलच्या केपेल स्ट्रीटवरच्या इमारतीवर सार्वजनिक आरोग्यातल्या थोरांची नावं कोरलेली आहेत. मुळातली २३ नावं, सगळी पुरुषांची. २०१९ मध्ये तीन स्त्रियांची नावं वाढवली: मेरी क्युरी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि कुष्ठरोगावरचं औषध तयार करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ ॲलिस बॉल. ओकामोतोबाईंचंही तिथे असायला हवं, असं मला अगदी ठामपणे वाटतं.

रकान्याचं सांगायचं तर, कितीतरी अभ्यासांत वेळच लिहिलेली नाही. औषध दिलं, एवढंच. कधी दिलं, कुणी दिलं, शिरेतून सुई देणारं माणूस तिथे हजर होतं की बोलवावं लागलं, काहीच कळत नाही. माझ्या मते खरी माहिती या रिकाम्या जागांतच आहे. घरी किंवा छोट्या केंद्रात बाळंत होणाऱ्या बाईपर्यंत शिरेतलं इंजेक्शन वेळेत पोचणं अवघड. म्हणूनच ते स्नायूत टोचून चालेल का, याची तपासणी मला फार महत्त्वाची वाटते.

उद्या गटाची बैठक आहे. वेळ न नोंदवलेले अभ्यास गाळून टाकावेत, असं एक मत आहे. मी विरोध करणार आहे. ते वेगळ्या तक्त्यात देशवार दाखवावेत, आणि बाळंतपण मोठ्या रुग्णालयात झालं की बाहेर, याचीही नोंद शेजारी असावी. तक्त्याचा कच्चा आराखडा आज रात्रीच करून ठेवते.