नव्या घराचं परडं: आधी माती, मग रोपं

वास्तुशांत झाली की पुढच्याच रविवारी नर्सरीतून गाडीभर रोपं येतात आणि दिवाळीपर्यंत त्यातली निम्मी वाळतात. दोष रोपांचा नसतो. नव्या साईटवर घराभोवती पायाचा मुरूम, चिऱ्याचे तुकडे, खडी आणि मिस्त्रीने ओतून दिलेलं उरलंसुरलं सिमेंट असतं. वर चार इंच लाल माती पसरलेली असते, ती तेवढी दिसते.

म्हणून आधी पहार. तीन-चार ठिकाणी फूटभर रुंद, फूटभर खोल खड्डा काढा. तळातली चमचाभर माती बशीत घेऊन तीवर लिंबू पिळा. बारीक फेस आला तर सिमेंट-चुना मिसळलाय. अशा जागी जास्वंद नि लिंबाची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्याच राहतात. लोक युरिया टाकत बसतात. पण इथे कमी पडलेलं असतं लोह. चुन्यामुळे ते मातीत असूनही मुळांना मिळत नाही. ती माती दीड फूट उकरून बाहेर काढायची, दुसरा इलाज नाही. (बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीकडच्या काळ्या मातीत मुळातच चुनखडी असते, तिथे फेस येणारच. तिथे ही परीक्षा धरू नका.)

त्याच खड्ड्यात पाणी भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसरं पाणी चार-पाच तासांत जिरलं तर झाडं बिनधास्त लावा. सकाळपर्यंत उभं राहिलं तर जमीन पाणी धरणारी आहे. बेळगाव भागात खानापूरकडच्या तांबड्या मातीत हा त्रास कमी. तिथे उलट पावसाबरोबर खत वाहून जातं, म्हणून ते थोडं थोडं द्यावं लागतं. पण शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या भाताच्या काळ्या शिवारात साईट असेल तर नऊ इंच उंच वाफे करा. भाताला मानवणारी जमीन पपईला मानवत नाही. दोन दिवस पाणी साचलं की बुंधा कुजलाच.

खड्डे एप्रिल-मेमध्ये काढून उन्हात तापू द्यावेत. लिंबू, कढीपत्ता, जास्वंदीला दोन फूट लांब, रुंद, खोल. वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. मुरूम परत आत घालायचा नाही. तळाला चार बोटं पालापाचोळा, मग दोन घमेली मातीला एक घमेलं शेणखत या हिशेबाने भरणी, खड्ड्याला अर्धा किलो निंबोळी पेंड. भरणी जमिनीपेक्षा चार इंच वर ठेवा, मृगाच्या पहिल्या पावसांनी ती खाली बसते. सपाट भरलेल्या खड्ड्याचं जुलैत डबकं होतं. कलमी रोप असेल तर कलमाचा सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे.

शेणखत पुरतं कुजलेलंच घ्या. मुठीत धरलं तर भुसभुशीत लागावं, शेणाचा वास येऊ नये. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणी येते: पांढरी, जाड, कोयत्यासारखी वाकलेली अळी, तोंड तांबूस. रोप अचानक माना टाकतं, ओढलं की सहज हातात येतं आणि मुळं कुरतडलेली दिसतात. खत आधी उन्हात पसरून अळ्या वेचून काढाव्यात.

तीस बाय चाळीस फुटांच्या साईटवर आंबा-नारळाचा हट्ट नको. नारळाला भिंतीपासून बारा-पंधरा फूट लागतात, तेवढी जागा असते कुठे? केळ आणि अळू मोरीच्या तोंडाशी लावा, भांडी विसळलेलं पाणी दोघांनाही चालतं. वॉशिंग मशिनचं पाणी मात्र सोडू नका, पावडरीतल्या सोड्याने माती घट्ट होते. घराच्या पायाला वाळवीचं औषध मारलेलं असेल तर भिंतीलगतच्या तीन फुटांत भाजी लावू नये. तिथे मोगरा, अबोली शोभते. पूजेला फुलं हवीत म्हणून कण्हेर लावतात, पण तिची पानं, फुलं, चीक सगळंच विषारी. रांगतं मूल असलेल्या घरात ती नकोच.

वाफा तीन फुटांपेक्षा रुंद नको. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो, आजीला आत पाय टाकावा लागत नाही आणि माती तुडवली जात नाही. नळ वाफ्याजवळच काढून घ्या. बादली लांबून आणावी लागली की पंधरा दिवसांत पाणी घालणारा माणूस एकच उरतो, आणि तो कोण ते सांगायला नको.

पावसाळ्यात दोडका, काकडी, भेंडी, घेवडा. मेथी-कोथिंबीर दसऱ्यानंतरच, आधी टाकलेली पावसाच्या झडीत कुजते. धणे चपलेने हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा. तीन बाय दहाच्या वाफ्याला मेथीचं बी तीस-चाळीस ग्रॅम पुरतं; वर अर्धं बोट माती, पाणी झारीनेच. पाइपने मारलं की बी एका कोपऱ्यात गोळा होतं. महिन्याच्या आत मेथी काढणीला येते. उपटू नका, दोन बोटं ठेवून कापा, पुन्हा फुटते. दुसऱ्या कापणीची पानं जरा कडवट लागतात, पण झुणक्यात ती चालतात.