मुद्दाम पडकं बांधलेलं घर आणि आई

आई ह्या वेळी लीड्सला आली तेव्हा म्हटलं आता लंडन-बिंडन पुरे, कुठेतरी खेड्यात जुन्या घरात जाऊन राहू. भाड्याने मिळणारी जुनी कॉटेजेस इथे ढिगाने आहेत पण मला लँडमार्क ट्रस्टचंच घर हवं होतं. ही संस्था सर जॉन स्मिथ आणि त्यांच्या बायकोने १९६५ मध्ये काढली, पडायला आलेल्या चमत्कारिक इमारती घ्यायच्या, नीट दुरुस्त करायच्या आणि सुट्टीसाठी भाड्याने द्यायच्या. साधारण २०० तरी आहेत अशा. रॉबिन हूड्स बे जवळ तर एका जमीनदाराने डुकरांसाठी बांधलेलं ग्रीक देवळाच्या थाटाचं घर आहे, त्यात आता माणसं पैसे देऊन राहतात. ते मी आईला सांगितलंच नाही.

आम्ही घेतलं ते ‘द रुइन’. नॉर्थ यॉर्कशायरमध्ये ग्रुएलथॉर्प नावाचं गाव आहे, त्याच्या बाहेर हॅकफॉलचं जंगल, आणि जंगलाच्या वरच्या कड्यावर हे घर. बुकिंगमध्ये विशेष काही नाही, शुक्रवार ते सोमवार नाहीतर सोमवार ते शुक्रवार असं घ्यावं लागतं आणि वीकेंड फार आधी जातात, त्यामुळे कॅलेंडर बघून मगच तिकिटं काढा. फक्त पैसे भरायच्या आधी घराचा नकाशा नीट बघा. कारण ह्या घराला तीन खोल्या आहेत आणि एकीतून दुसरीत जायला आतून दारच नाही! मधल्या खोलीत बसायचं, झोपायची खोली वेगळी, बाथरूम वेगळं, आणि जायचं ते बाहेर गच्चीवरून. गच्चीच्या पुढे काय तर खोल दरी, तळाला युअर नदी. मी हे आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे वाईच्या घरासारखंच की, संडास परसात, आणि त्याला तू पाउंड मोजणार?

सामान जवळच्या मॅसम गावात भरून घेतलं, दुपारी चारनंतर आत जाता येतं त्या बेताने पोचलो. शेताच्या बाजूने बघितलं तर छोटीशी नक्षीदार, टोकदार कमानींची इमारत, एखाद्या बंगल्यातल्या समर हाउससारखी. वळसा घालून गच्चीवर आलो तर मागची बाजू म्हणजे पडकी रोमन स्नानगृहं. मोठ्या कमानी, तुटके कंगोरे, अर्धवट भिंती. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, हे पडलं कधी? मी म्हटलं पडलं नाही गं, असंच बांधलंय. १७६७ च्या सुमाराला.

तिला ते पटेना. मग मी सगळी कुंडली सांगितली. जॉन एझलबी नावाचा माणूस इंग्लंडचा अर्थमंत्री होता, साउथ सी कंपनीच्या शेअर घोटाळ्यात त्याने कंपनीकडून २०,००० पाउंडांचे शेअर घेतले, १७२१ मध्ये पार्लमेंटने त्याला हाकललं आणि टॉवर ऑफ लंडनमध्ये टाकलं. बाहेर आल्यावर गडी इकडे यॉर्कशायरला आपल्या इस्टेटीवर येऊन बागा करत बसला, १७३१ मध्ये हॅकफॉलही विकत घेतलं. तिथे धबधबे, कारंजं, गुहा, खोटा किल्ला वगैरे उभं केलं ते त्याच्या मुलाने, विल्यमने. पाहुण्यांनी जंगलात फिरायचं आणि वर येऊन ह्या घरात खाणंपिणं करायचं. आई म्हणाली, बापाने पैसा खाल्ला आणि मुलाने पडकं घर बांधलं, आपल्याकडे निदान बंगला तरी बांधतात.

आता राहण्याचं. पहिल्या रात्री पाऊस आला आणि माझे हाल झाले. ब्रश राहिला ह्या खोलीत, टॉवेल त्या खोलीत, चष्मा तिसरीत, प्रत्येक वेळी बूट घाला, जॅकेट घाला, दार उघडा, ओल्या दगडावरून भिंत धरून जा. आई मात्र अशा घरात वाढलेली. तिने संध्याकाळीच एका पिशवीत टॉवेल, साबण, ब्रश, गोळ्या भरून पिशवी दाराच्या खिळ्याला नाही पण खुर्चीच्या पाठीला अडकवलेली, टॉर्च उशाशी, चपला दाराकडे तोंड करून ठेवलेल्या, छत्री उघडीच दारात. सातनंतर पाणी बेताने प्यायचं आणि झोपायच्या आधी दोघींनी मिळून एक फेरी मारून यायची असा नियमच केला. गाउनवर माझ्या नवऱ्याचं जॅकेट आणि डोक्याला लाल कानटोपी अशी ती टॉर्च घेऊन पुढे आणि मी मागे. खाली काळोखात घुबड ओरडत होतं, ती म्हणे ओरडू दे, इथलं आहे, आपल्याशी काय संबंध त्याचा.

वायफाय नाही, टीव्ही नाही, हे ह्या लोकांच्या सगळ्याच घरांत. कपाटात त्या भागाबद्दलची पुस्तकं असतात आणि आधीच्या पाहुण्यांनी लिहिलेली वही. ती वही मी रात्री आईला मराठीत वाचून दाखवली, बहुतेकांचं रडगाणं बाथरूमचंच होतं, त्यामुळे ती खूश.

दुसऱ्या दिवशी मी एकटी जंगलात उतरले, तिच्या गुडघ्यांना ती वाट झेपण्यासारखी नाही, पायऱ्या उंच आणि चिखल. फिशर्स हॉल म्हणून एक दगडी खोली आहे, दारावर डब्ल्यू. ए. अक्षरं आणि १७५० कोरलेलं. टर्नर ह्या इंग्लिश चित्रकाराने इथली चित्रं काढली, रशियाच्या राणी कॅथरीनसाठी वेजवुड ह्या चिनीमातीची भांडी करणाऱ्याने बनवलेल्या जेवणाच्या सेटवरसुद्धा हॅकफॉल आहे. आणि एवढं सगळं होऊन १९३० च्या दशकात एका लाकडाच्या व्यापाऱ्याने झाडं तोडून नेली. आत्ता जे दिसतं ते नंतर वाढलेलं, १९८९ पासून वुडलँड ट्रस्ट ही जंगलं जपणारी संस्था सांभाळतेय. परत येताना एका वळणावरून वर बघितलं तर कड्यावर रोमन साम्राज्य आणि त्यात एक लाल कानटोपी, खिचडीचा कुकर लावून बाहेर येऊन बसलेली.

सोमवारी दहाच्या आत घर सोडायचं असतं. आई साडेआठलाच आवरून तयार, भांडी धुतलेली, चादरींच्या घड्या सुद्धा, मी म्हटलं अगं ते धुवायला टाकणारेत, तर म्हणे असू दे.

जाता जाता रिपनजवळ फाउंटन्स अ‍ॅबीला थांबलो. ११३२ सालचा मठ, आठव्या हेन्रीने १५३९ मध्ये बंद पाडला तेव्हापासून पडका. ह्याच विल्यमने १७६७ मध्ये तो विकत घेऊन बापाच्या बागेला जोडला, म्हणजे खरा पडका मठ आणि खोटं पडकं घर एकाच मालकाचं. तिकिटाच्या रांगेत हे आईला सांगितलं. तिने वर बिनछपराच्या भिंतींकडे बघून विचारलं, हे नक्की आपणहून पडलंय ना? म्हटलं हो, राजाने पाडलं. मग घे तिकीट, म्हणाली.